कामावरचे कपडे कोणी ठरवायचे?

15 मार्च 2024 रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी नेसावी, किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा घालावा. शिक्षकांनी फिकट रंगाचा शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा. जीन्स, टी-शर्ट, भडक रंगाचे आणि नक्षीचे कपडे वर्गात नकोत. हा निर्णय सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांसाठी होता. म्हणजे मुंबईच्या इंग्रजी शाळेसाठी जे ठरले, तेच आमच्या नळदुर्गच्या जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळेसाठीही ठरले.

त्याआधी 8 डिसेंबर 2020 रोजी सामान्य प्रशासन विभागाने मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांसाठी असेच परिपत्रक काढले होते. त्यातही जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई होती, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे सांगितले होते आणि कंत्राटी कर्मचारी व सल्लागारांचा वेगळा उल्लेख होता. या दोन आदेशांच्या मधल्या काळात, मे 2023 मध्ये, आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, तुळजापूरला, तुळजाभवानी मंदिरात अंगप्रदर्शक कपडे आणि हाफ पँट घालून येणाऱ्यांना प्रवेश नाही, असे फलक लागले. टीका झाली आणि ते त्याच दिवशी काढले गेले. मंदिर हे भाविकांचे कामाचे ठिकाण नव्हे, हे खरे. पण कपड्यांचे नियम किती चटकन होतात आणि किती चटकन मोडतात, हे त्या फलकांनी जिल्ह्याला दाखवले.

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा संस्कृती विरुद्ध आधुनिकता अशी रंगते. साडी की ड्रेस, खादी की जीन्स, एवढ्यावरच ती थांबते. मला ही मांडणी चुकीची वाटते. कामावरच्या कपड्यांचा खरा प्रश्न तीन भागांचा आहे. कामाला नेमके काय हवे आहे, त्याचा खर्च कोण करतो, आणि ठरवताना घालणाऱ्याला विचारले आहे का? नळदुर्ग आणि आजूबाजूचा इतिहास या नजरेने पाहिला, तर हा प्रश्न इथे जीन्स येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून आहे.

तुळजापूरची भवानी आणि अणदूर-नळदुर्गचा खंडोबा, ज्याची मूर्ती वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गला असते, या दोन देवस्थानांमुळे या पट्ट्यात पोशाखावरून ओळखू येणारी माणसे कायम वावरत आली. गोंधळ्याचा पायघोळ झगा आणि गळ्यातल्या कवड्यांच्या माळा, आराध्याची परडी, वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी आणि दिमडी, पोतराजाचा रंगीत चिंध्यांचा घागरा, उघडे अंग आणि हातातला कोरडा. हा या मुलखातला सर्वांत जुना कामाचा पोशाख म्हणावा लागेल. तो नसेल तर गोंधळ्याला कोणी अंगणात उभे करणार नाही. त्यात कला आहे, अभिमान आहे आणि अनेक घरांत तो आजही जपून ठेवलेला असतो. गोंधळी आपला झगा स्वतःच्या हौसेने सजवतो, कवड्यांची माळ स्वतः ओवतो. कामाचा पोशाख आणि स्वतःची अभिव्यक्ती एकाच अंगावर नांदू शकतात, याचा याहून जवळचा पुरावा शोधायची गरज नाही.

पण याच पोशाखाची दुसरी बाजूही आहे. पोतराजाचा घागरा प्रत्येकाने आवडीने घातलेला नव्हता. नवसाने देवीला सोडलेल्या मुलाला तो घालावा लागे, केस वाढवावे लागत आणि मग त्याला दुसरे काम कोणी देत नसे. गावकामगार महाराच्या हातातली काठी आणि खांद्यावरची घोंगडी यांचीही तीच गत. कामाने आणि जातीने मिळून ठरवलेला तो वेश होता आणि तो बदलायचे धाडस केले की गावाच्या भुवया वर जात. म्हणून 1941 मध्ये याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेल्या महार-मांग वतनदार परिषदेचा विषय कपड्यांचा नसूनही ती या आढाव्यात आणावी लागते. वंशपरंपरेने गळ्यात पडलेले काम नाकारायचे, तर त्या कामाचा वेशही सुटतो. पोतराजाचे केस कापून त्याला सदरा-पायजमा देण्याचे प्रसंग मराठवाड्यात नंतर अनेक ठिकाणी झाले, ते याच जाणिवेतून.

बाबासाहेबांनी कपड्यांबद्दल थेट बोलण्याचा प्रसंग त्याआधीचा आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला आलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली आणि अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवल्या जाणाऱ्या गळ्या-हातांतल्या जड दागिन्यांचा त्याग करायला सांगितले. तिथल्या बायांनी ते लगेच मनावर घेतले. बाबासाहेबांच्या स्वतःच्या सुटाबद्दल आजही लोक बोलतात. जन्माने नेमून दिलेले कपडे नाकारून त्यांनी स्वतः निवडलेला पोशाख सभागृहात, न्यायालयात आणि रस्त्यावर सारख्याच निश्चयाने वागवला.

महात्मा फुल्यांनी याच्या बरोबर उलट वाट धरली, आणि ती तितकीच ठाम होती. मार्च 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांमध्ये फाटक्या कपड्यांत उभे राहून त्यांनी खेड्यांतल्या शिक्षणाची मागणी केली. एकाने वरचा पोशाख हक्काने घेतला, दुसऱ्याने खालचा पोशाख हेतूने घातला. दोघांच्याही बाबतीत निर्णय स्वतःचा होता, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे.

कामाला जाणाऱ्या बाईच्या कपड्यांचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात सावित्रीबाईंच्या दुसऱ्या लुगड्यापासून करावी लागेल. पुण्यात शाळेत शिकवायला जाताना लोक अंगावर चिखल-शेण फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडे सोबत नेत, शाळेत पोचल्यावर ते बदलत आणि वर्गावर जात. आज शिक्षिकेने वर्गात काय घालावे यावर शासन निर्णय निघतो, तेव्हा हे आठवते. पहिल्या शिक्षिकेच्या कपड्यांवर समाजाने केलेला हल्ला आणि आजच्या शिक्षिकेच्या कपड्यांची समाजाला वाटणारी काळजी, दोन्हींत एकच समजूत दिसते: बाईच्या अंगावरचे वस्त्र हा चारचौघांनी ठरवायचा विषय आहे.

नळदुर्ग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि हैदराबादवरच्या पोलीस कारवाईतली पहिली मोठी चकमक इथे झाली. तोपर्यंत इथल्या कचेऱ्यांतली प्रतिष्ठेची वस्त्रे म्हणजे शेरवानी आणि रुमी टोपी. हैदराबादच्या दरबारात जायचे तर दस्तार आणि कमरेला बगलूस लागे. हिंदू वकील आणि देशपांडेही शेरवानी घालत, कारण ती धर्माची नव्हे, हुद्द्याची खूण होती. त्याच राज्यात खादी आणि गांधी टोपी घालणे ही भूमिका ठरे. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि भगव्या वस्त्रांतच त्यांनी शिक्षकाचे आणि नंतर हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नेतृत्वाचे काम केले. शिक्षकाने फिकट शर्ट आणि गडद पँट घालावी हा आजचा नियम त्यांच्या अंगावर कसा बसला असता? त्यांच्या वर्गातली शिस्त कपड्यांच्या रंगामुळे तसूभरही कमी झालेली नव्हती.

शेरवानी गेली, मग बुशशर्ट आला, टेरीकॉट आला, 1970 च्या दशकानंतर सफारी आला. मराठवाड्यात सफारी म्हणजे कंत्राटदार, साखर कारखान्याचा संचालक, पंचायत समितीचा सभापती. त्यानंतर कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र शर्ट-पँट आले आणि ते अजून टिकून आहेत. पुरुषांच्या या बदलांवर कधी परिपत्रक निघाल्याचे आठवत नाही. धोतर सोडून पँट घालणाऱ्या मास्तरला कोणी संस्कृतीचा जाब विचारला नाही. नऊवारी सोडून पाचवारी, आणि साडी सोडून सलवार-कमीज घालणाऱ्या शिक्षिकेला मात्र प्रत्येक पायरीवर उत्तर द्यावे लागले. अनेक संस्थांच्या शाळांत साडीचीच सक्ती वर्षानुवर्षे होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. केरळ सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये परिपत्रक काढून शिक्षिकांना साडीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या 2024 च्या निर्णयात सलवार-कुर्त्याला अधिकृत मान्यता मिळाली, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. ज्या मुख्याध्यापकांनी साडीचा हट्ट धरला होता, त्यांच्यासमोर शिक्षिकांना आता एक कागद ठेवता येतो.

गणवेशाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कमी चर्चेत येतो. एसटीचा वाहक, पोलीस, परिचारिका, सुरक्षारक्षक, अंगणवाडी सेविका यांना ओळख लागते. महामार्गावरच्या नळदुर्ग स्थानकात पुणे-हैदराबाद मार्गावरची अनोळखी माणसे उतरतात. रात्री अकराला एखाद्या बाईला मदत लागली, तर खाकी रंग तिला लांबून दिसला पाहिजे. इथे गणवेशाने प्रवाशाचे भले होते, त्याविरुद्ध बोलायचे कारणच नाही. बोलायचे ते मापाबद्दल. एसटी कर्मचाऱ्यांना पूर्वी कापड मिळत असे आणि शिलाईचा भत्ता. माणूस आपल्या गावच्या शिंप्याकडे जाई, बगलेत सैल, खिसा खोल, असे सांगून शिवून घेई. जानेवारी 2018 मध्ये महामंडळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडून म्हणजे 'निफ्ट'कडून आराखडा करून घेऊन तयार गणवेश दिले. हेतू चांगला होता, रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांसारखी उपयोगी भर त्यात होती. पण तयार कपड्याला एकेका माणसाचे खांदे माहीत नसतात, आणि मापाच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या.

शाळकरी मुलांच्या बाबतीत तेच घडले. 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना 2024-25 मध्ये राज्यभर लागू झाली. बचत गटांच्या बायांकडून शिवून घ्यायचे ठरले, पण कापड वेळेवर पोचले नाही, कुठे सदरा आखूड, कुठे विजार ढगळ. अखेर डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. कामगार असो की पहिलीचा मुलगा, अंगावरचे वस्त्र जितक्या लांबून ठरवाल तितके ते बिघडते, हा धडा दोन्ही योजनांनी दिला आहे.

या बाबतीत आमचा भाग तर नशीबवान आहे. पन्नास किलोमीटरच्या आत सोलापूर आहे. चादरी आणि टॉवेलपलीकडे ते शहर आता गणवेश शिवण्यासाठी देशभर ओळखले जाते. शाळांचे, रुग्णालयांचे, कंपन्यांचे गणवेश तिथल्या कारखान्यांतून जातात. ते शिवणाऱ्यांत बायांची संख्या मोठी आहे. नळदुर्गच्या एखाद्या दवाखान्याला आपल्या परिचारिकांसाठी खिसे असलेला, मळखाऊ रंगाचा, उन्हाळ्यात सोसवेल असा सुती गणवेश हवा असेल, तर तो शिवणारे हात दीड तासाच्या अंतरावर आहेत. परिचारिकांना आधी विचारले पाहिजे, एवढेच.

खिशाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पुरुषांच्या लक्षात तो येत नाही. बायकांच्या गणवेशाला खिसा नसणे ही रोजची अडचण आहे. मोबाईल, पेन, सुट्टे पैसे, औषधाची चिठ्ठी कुठे ठेवायची? खोचलेला शर्ट, पट्टा आणि पँट घालून बंदोबस्ताला दिवसभर उभ्या राहणाऱ्या महिला पोलिसाला पाळीच्या दिवसांत काय सोसावे लागते, तेही गणवेश ठरवणाऱ्या बैठकीत बोलले गेले पाहिजे. साडीतल्या अंगणवाडी सेविकेला लहान मुलांच्या मागे धावावे लागते, वजनकाटा उचलावा लागतो, चिखलातून गृहभेटींना जावे लागते. साडी तिला आवडतही असेल. आवडते की नाही, ते तिने सांगायचे.

कामाने स्वतःच पोशाख ठरवला तर तो कसा होतो, हे पाहायचे असेल तर सोयाबीनच्या काढणीला किंवा उसाच्या फडात जावे. तिथे बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला टॉवेल किंवा स्कार्फ घट्ट गुंडाळते. उसाचे पाचट हात कापते, सोयाबीनच्या वाळल्या शेंगा बोचतात, वरून ऊन तापत असते. कोणीही आदेश काढला नाही, कोणी भत्ता दिला नाही, आणि पुरुषाचा शर्ट बाईने घातला म्हणून कोणाची अब्रूही गेली नाही. ज्या गावात सुनेने ड्रेस घालावा की नाही यावर घराघरांत वाद झाले, त्याच गावात हा शर्ट सगळ्यांनी निमूट मान्य केला, कारण त्याशिवाय काम होत नाही. माझ्या दृष्टीने हा या संपूर्ण प्रश्नातला सर्वांत बोलका पुरावा आहे. पण त्यात एक दुखणेही आहे. तो शर्ट जुना, दुसऱ्याचा असतो. फडातल्या कामगार बाईला तिच्या मापाचा, तिच्यासाठी शिवलेला, हात झाकणारा कामाचा अंगरखा मुकादमाने किंवा कारखान्याने द्यावा, ही मागणी मी अजून कोणाच्या यादीत पाहिलेली नाही.

नियम कितीही घट्ट असले, तरी माणूस त्यातून आपली जागा काढतो. एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या दहा सेविका पाहा, ब्लाऊजच्या गळ्यावरून आणि बाहीवरून दहाही वेगळ्या दिसतील. कोणी जुन्या इरकलच्या काठाची पट्टी बाहीला लावून घेते. कोणी केसांत अबोली माळते, कोणी मुद्दाम काहीच माळत नाही. पोलिसाची मिशी, वाहकाच्या मनगटावरचे जाड कडे, लिपिकाच्या खिशाला लावलेले शाईचे पेन, गुरुजींच्या गळ्यातला एखाद्या संताचा बिल्ला, बुरख्यावर ओढलेला परिचारिकेचा पांढरा कोट. या सगळ्या गोष्टी सांगतात, की मी इथे नोकरी करतो, पण मी नोकरीपुरताच नाही. गावातले शिंपी आणि पिको-फॉल करणाऱ्या बाया या अभिव्यक्तीच्या खऱ्या भागीदार आहेत. गिऱ्हाइकाला तोंडाने नीट सांगता न आलेली हौस ते मापपट्टीने ओळखतात. लग्नाचा बस्ता सोलापूरहून येतो, पण नोकरीचा पहिला ड्रेस बहुधा गावातच शिवला जातो.

कायदा काय म्हणतो? 15 एप्रिल 2014 च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की माणसाची लिंगओळख त्याच्या पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त होते आणि हे व्यक्त होणे राज्यघटनेच्या कलम 19(1)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीची दारे आता कुठे किलकिली होत आहेत. त्यांच्यासाठी हा निकाल फार मोठा आहे. 2024 मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला बऱ्याच अंशी स्थगिती दिली. ते प्रकरण विद्यार्थिनींचे होते, तरी नळदुर्गसारख्या मिश्र वस्तीच्या गावात त्याचा अर्थ नोकरी करणाऱ्या मुलींपर्यंत पोचतो. हिजाब घालून शिकवायला निघालेल्या मुलीला दारातच अडवले, तर ती घरी परत जाईल. ती वर्गात पोचणे जास्त मोलाचे आहे.

वकिलांचा काळा कोट ही तर वेगळीच गोष्ट. बार कौन्सिलचे नियम सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती करत नाहीत. तुळजापूरच्या मे महिन्यात ही सवलत म्हणजे जीवदानच. जपानने 2005 मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. 'कूल बिझ' मोहिमेत तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने कार्यालयांना वातानुकूलन 28 अंशांवर ठेवायला आणि कर्मचाऱ्यांना कोट-टाय उतरवायला सांगितले. त्याच जपानमध्ये 2019 मध्ये युमी इशिकावा यांनी कामावर उंच टाचांच्या बुटांची सक्ती नको म्हणून मोहीम चालवली आणि पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने ती अट काढली. हवामान आणि शरीर यांना धरून नियम बदलता येतात, हे या दोन्ही गोष्टींनी सिद्ध केले.

कार्यालयात, शाळेत कपड्यांचा काहीच विचार नको, असे मी म्हणत नाही. स्वच्छ, नीट आणि कामाला साजेसे कपडे घालणे हा समोरच्या माणसाचा मान आहे. तलाठ्याकडे सात-बारा काढायला आलेला म्हातारा स्वतः ठेवणीतले धोतर नेसून आलेला असतो, त्याला टापटीप माणूस समोर दिसावा. पण एवढ्यासाठी रंगांची, नक्षीची आणि खोचण्याची यादी कशाला लागते? फुलांचा प्रिंट असलेला कुर्ता घातलेल्या बाईंकडून मुले जास्त आनंदाने शिकली, तर कोणाचे काय बिघडते?

म्हणून प्रत्येक शाळेच्या, दवाखान्याच्या, नगर परिषदेच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. पुढचा नियम काढण्याआधी ज्यांनी तो अंगावर वागवायचा, त्यांना एकदा एकत्र बसवा, त्यात शिपाई आणि कंत्राटी सफाई कामगार बायांनाही घ्या. सुरक्षेसाठी, स्वच्छतेसाठी किंवा ओळखीसाठी जे खरोखर लागते तेवढेच लिहा. जे सक्तीचे कराल त्याचे कापड आणि शिलाई संस्थेतर्फे द्या, पगारातून कापू नका. आणि त्यापलीकडचा रंग, काठ, गळा आणि बाही ज्याच्या त्याच्यावर सोडा.